‘काय केलेस?’ आणि ‘कोण आहेस?’



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठी विद्वान माणसे बोलून जातात. आमचे शिक्षण म्हणाल तर शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ. बाकीचे जे काही उरले, ते खाणीच्या फाटकावर कामगारांच्या तक्रारी लिहिताना मिळाले. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून अपेक्षू नका. पण मे महिन्याच्या या उकाड्यात दिवसपाळी आटोपून, अंग धुऊन, मुलाबाळांसह आपण या मैदानात येऊन बसला आहात. आपला वेळ वाया जाऊ नये, एवढी काळजी आम्ही घेऊ.

विषय आहे हुकमी राज्यातील गुन्हा आणि राजदंड. आपण म्हणाल, संघटनेच्या माणसाने पगार, बोनस आणि सुरक्षिततेवर बोलावे. गुन्हा, पोलीस, तुरुंग हा वकिलांचा प्रांत. आमचे म्हणणे असे की, या विषयाचे मर्म वकिलाइतकेच खाणकामगारालाही ठाऊक आहे. ते त्याला चार्जशीट नावाच्या एका कागदाने शिकविले आहे.

हा कागद आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. लोडर असो, ट्रॅमर असो की पंप खलाशी असो, त्याला कामावरून काढावयाचे झाल्यास मालकाला आधी लिहून द्यावे लागते की, अमुक तारखेस, अमुक पाळीत, अमुक ठिकाणी तू अमुक केलेस. त्यावर कामगाराचा खुलासा घ्यावा लागतो. खुलासा पटला नाही तर चौकशी करावी लागते. चौकशीत साक्षीदार येतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतात. मदतीला एखादा सहकारी घेता येतो. १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून ही रीत आपल्या उद्योगांत पक्की झाली. ती कोणा मालकाने प्रेमाने दिलेली नाही. ‘तू माणूस चांगला नाहीस’ किंवा ‘तुझ्याबद्दल साहेबांचे मत बरे नाही’ हे चार्जशीटमध्ये लिहून चालत नाही. तेथे ‘काय केलेस?’ याचेच उत्तर लागते; ‘कोण आहेस?’ हा प्रश्न तेथे गैरलागू असतो.

आम्हांला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. जे राज्य गुन्हेगाराला ‘तू काय केलेस?’ असे विचारते ते कायद्याचे राज्य. जे राज्य ‘तू कोण आहेस?’ एवढेच विचारून त्याला डांबते ते हुकमाचे राज्य. आणि हा प्रश्न एकदा बदलला की गुन्हे कमी होत नाहीत. फक्त राज्याने स्वतः केलेले गुन्हे मोजण्याची सोय नाहीशी होते. हे कल्पनेने सांगत नाही. याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत, आणि काही तर आपल्याच जिल्ह्यात आहेत.

पहिला दाखला जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. पुढे १९११ साली त्याची व्याप्ती देशभर वाढविली आणि १९२४ साली त्याची पुन्हा नव्याने मांडणी झाली. या कायद्याने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरे. मोठ्या माणसांनी ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परगावी जावयाचे तर पास घ्यावयाचा. पास नसताना सापडला की तोच एक नवा गुन्हा. चोरी केली नाही तरी हजेरी चुकविल्याबद्दल तुरुंग! म्हणजे ज्या कायद्याने गुन्हे थांबवावयाचे, त्याच कायद्याने गुन्हे निर्माण करण्याचा कारखाना उघडला.

कारखाना हा शब्द आम्ही उगाच वापरलेला नाही. सोलापुरास कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते. लोक त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. या कुंपणातील माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. आता संघटनेच्या माणसाच्या डोळ्यांनी याकडे पाहा. ज्या मजुराला रात्री पोलिसांपुढे हजेरी लावावयाची आहे, परवानगीवाचून ज्याला गाव सोडता येत नाही, त्याने मजुरीच्या दरावरून तक्रार करावयाची म्हटले तर कोठे उभे राहावे? राज्याचा दंडुका आणि स्वस्त मजुरी यांची सोयरीक फार जुनी आहे.

तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी! त्या जमाती आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या मनातील जुनी यादी तशीच राहिली. आपल्या भाषेतूनही ती गेलेली नाही. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आहे आणि तीच मराठीतील एक शिवीही आहे. कायदा रद्द करावयाला संसदेचा एक कायदा पुरतो. शब्द रद्द करण्यास किती पिढ्या लागतील कोण जाणे!

दुसरा दाखला गावावरून गुन्हेगार ठरविण्याचा. त्यासाठी फार लांब जावयास नको. वरोऱ्याहून पूर्वेकडे निघाले की चिमूर लागते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा हा जिल्हा चांदा जिल्हा म्हणून ओळखला जात असे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा भाग आधीच जागा झालेला होता. १६ ऑगस्ट रोजी नागपंचमीच्या दिवशी चिमूरला मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. जमाव खवळला. त्याने एक उपविभागीय दंडाधिकारी, एक नायब तहसीलदार, एक पोलीस अधिकारी आणि एक शिपाई यांना ठार केले. झाडे तोडून रस्ते अडविले, पूल मोडले.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट बोलू इच्छितो. देशभक्तीच्या कथा सांगताना या चार माणसांचा उल्लेख घाईघाईने उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. तीही माणसे होती, त्यांनाही घरे होती. ज्यांनी त्यांना मारले त्यांनी काय केले हे विचारणे, पुरावा घेणे, खटला भरणे हा कोणत्याही राज्याचा अधिकारच होता. त्याबद्दल आमचा वाद नाही.

वाद पुढच्या गोष्टीबद्दल आहे. तीन दिवसांनी लष्कर गावात शिरले. पुरुषांना पकडून नेले, आणि घरांत उरलेल्या स्त्रियांवर सैनिकांनी अत्याचार केले. नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही स्त्री-कार्यकर्त्या गेल्या व त्यांनी त्या स्त्रियांच्या तोंडून हकिकती ऐकल्या. गावावर सामुदायिक दंड बसला. सामुदायिक दंड म्हणजे काय? तर ‘तू काय केलेस?’ हे न विचारता ‘तू चिमूरचा ना? मग भर!’ असा हिशेब.

लोकांनी मागणी केली की, सैनिकांच्या वर्तनाची चौकशी करा. सरकार म्हणाले, चौकशी होणार नाही. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी लोकनायक बापूजी अणे होते. हे अणे आपल्या शेजारचे, वर्धा नदीपलीकडच्या वणीत जन्मलेले. त्यांच्या दाराशी भन्साळींनी उपोषण मांडले. सरकारने त्यांना तेथून उचलून परत पाठविले. मग ते उपाशीपोटी चिमूरच्या वाटेला लागले. तेथूनही त्यांना परत आणले. उपोषण ६३ दिवस चालले.

आणि त्या ६३ दिवसांत सरकारने काय केले? उपोषणाची बातमी छापण्यास वृत्तपत्रांना मनाई केली! त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. त्यानंतर १२ जानेवारीस तडजोड होऊन उपोषण सुटले.

आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहा. जमावाच्या गुन्ह्याबद्दल खटले झाले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अनसूयाबाई काळे आणि इतरांनी जिवाचे रान केले म्हणून अखेर १९४५ साली चिमूर-आष्टीच्या कैद्यांचे फास जन्मठेपेत बदलले. आणि सैनिकांच्या गुन्ह्याबद्दल? स्वतंत्र चौकशी झाली नाही आणि त्यांना कोणी न्यायालयात उभे केले नाही. वहीत एक बाजू भरगच्च लिहिलेली, दुसरे पान कोरे. हुकमी राज्याची ओळख हीच. तेथे गुन्हे नसतात असे नाही. तेथे एकाच बाजूचे गुन्हे लिहिले जातात.

पण त्याच इंग्रजी अमलातली एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचाही हिशेब एकतर्फी होईल. १९४३ च्या एप्रिलमध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने सांगितले की, भारत संरक्षण नियमांतील ज्या नियमाखाली सरकार माणसांना खटल्यावाचून डांबते तो नियम सरकारच्या अधिकाराबाहेरचा आहे. ऐन महायुद्धात, इंग्रज सरन्यायाधीशाने, इंग्रज सरकारला हे ऐकविले. सरकारने लगेच वटहुकूम काढून ते भोक बुजविले हे खरे. पण विचारण्याची जागा त्या दिवशी शिल्लक होती.

पुढे स्वराज्यात एक दिवस असा आला की ती जागाही शिल्लक राहिली नाही. हा तिसरा दाखला संशयावरून गुन्हेगार ठरविण्याचा.

त्याची चाहूल १९७४ च्या मे महिन्यातच लागली होती. आपले माजरी रेल्वेचे जंक्शन आहे. येथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांना ते दिवस विसरता येणार नाहीत. ८ मे पासून २७ मे पर्यंत देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. हजारो कामगारांना तुरुंगात टाकले, घरातील माणसांना रेल्वेच्या क्वार्टरांतून बाहेर काढले. १९७१ साली जो ‘मिसा’ कायदा देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेसाठी म्हणून केला होता, तो पगारवाढ मागणाऱ्या पुढाऱ्यांवर चालविला गेला. त्यानंतर सुमारे तेरा महिन्यांनी, २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली.

त्या वेळी आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन नुकतेच शाळेत जाऊ लागलो होतो. तेव्हा पाहिल्याचा आव आणत नाही. जे वाचले आणि जुन्या कामगारांकडून ऐकले ते सांगतो. नंतर नेमलेल्या शहा आयोगाने आकडे दिले आहेत. मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५ हजारांहून अधिक, मिळून १ लाख १० हजारांवर माणसे आत गेली. मिसात दुरुस्ती करून अशी सोय केली की अटकेची कारणे कैद्याला सांगण्याचीही गरज नाही. म्हणजे पाहा, १९७५ साली एखाद्या लोडरला कामावरून काढावयाचे तर चार्जशीट द्यावे लागे. पण त्याच लोडरला तुरुंगात टाकावयाचे तर कागदाचा चिटोराही द्यावा लागत नसे! नोकरीला जेवढे संरक्षण होते तेवढे माणसाच्या देहाला नव्हते.

मग माणसे उच्च न्यायालयांकडे गेली. आपल्या कायद्यात एक फार जुना अर्ज आहे. त्याला वकील हेबियस कॉर्पस म्हणतात. त्याचा साधा अर्थ असा की, ‘या माणसाला आमच्यासमोर आणा आणि कोणत्या अधिकाराने त्याला धरले ते सांगा.’ अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले की हा अर्ज आम्ही ऐकू शकतो. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे आपले नागपूर खंडपीठही होते, ही विदर्भाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना एक साधा प्रश्न केला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खाजगी वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर आणीबाणीत त्यावर काही उपाय आहे काय? महान्यायवाद्यांच्या उत्तराचा सारांश असा होता की, आणीबाणी असेतो नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकटे खन्ना विरुद्ध गेले. पुढल्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

येथे कोणीतरी हात वर करून म्हणेल, “पण अहो, तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या! तस्कर आत गेले, साठेबाज घाबरले, कचेरीत बाबू खुर्चीवर सापडू लागला.” हे म्हणणे आम्ही टाळणार नाही. ते अनेक भल्या माणसांचे म्हणणे आहे, आणि त्यामागे रोजच्या जाचाने गांजलेल्या माणसाचे दुःख आहे. तेव्हा त्याचा नीट विचार करू.

प्रथम संपांचे घ्या. १९७४ साली संप आणि टाळेबंदी मिळून सुमारे ४ कोटी मानवदिवस बुडाले होते. १९७६ साली ते सव्वा कोटीवर आले. शिस्त आली, असे जाहीर झाले. पण तो सव्वा कोटीचा आकडा फोडून पाहिला की काय दिसते? त्यातील बहुतांश दिवस कामगारांच्या संपाने बुडालेले नाहीत. मालकांच्या टाळेबंदीने बुडालेले आहेत. संप हा गुन्हा ठरला, टाळेबंदी मात्र चालूच राहिली. त्याच सुमारास, सप्टेंबर १९७५ मध्ये, किमान बोनस सव्वाआठ टक्क्यांच्या वरून चार टक्क्यांवर आणला गेला. शिस्त होती, पण शिस्तीचे ओझे कोणाच्या खांद्यावर होते ते पाहा.

मग तस्करांचे घ्या. त्यांना डांबले हे खरे. पण खटल्यावाचून डांबले म्हणजे पुरावा गोळा करण्याचे, साक्षीदार उभे करण्याचे, पैशाचा माग काढण्याचे कष्ट वाचले. आणीबाणी संपली, कुलूप उघडले, माणसे बाहेर आली. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या टोळ्यांनी काय केले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. डांबल्याने धंदा मोडत नाही. खोलीला कुलूप घातल्याने आतील वाळवी मरत नाही.

आणि नवे गुन्हे कसे जन्माला येतात तेही पाहा. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. तीन मुले झाल्यावर नसबंदी सक्तीची आणि न करणाऱ्यास शिक्षा! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. नाहीतर चवथ्या मुलाचा बाप हा या राज्यात गुन्हेगार ठरला असता. सक्ती मात्र कायद्याची वाट पाहात थांबली नव्हती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. ठरविलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट! एखाद्या सरकारी खात्याने उद्दिष्टाच्या दुप्पट काम केले की आपण एरवी हार घालतो. येथे ज्यांना शाळा, रेशन, बढती यांच्या धाकाने टेबलावर झोपविले, त्यांनी तक्रार कोणत्या ठाण्यात नोंदवावयाची होती?

राज्याचा गुन्हा कसा अदृश्य होतो याचे याहून भयंकर उदाहरण केरळात घडले. राजन नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी १ मार्च १९७६ रोजी कालिकतच्या महाविद्यालयातून पोलिसांनी उचलला. त्याचे वडील ईच्चर वारियर हे निवृत्त शिक्षक. मुलगा कोठे आहे, हे विचारत ते वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते. आणीबाणी उठताच, मार्च १९७७ मध्ये, त्यांनी तोच जुना अर्ज उच्च न्यायालयात केला, ‘माझ्या मुलाला आणा.’ तेव्हा उघड झाले की मुलगा पोलिसांच्या छावणीत केव्हाच मेला होता. मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. ध्यानात घ्या, गुन्हा १९७६ चा आहे. तो १९७६ च्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. गुन्हे कमी झाले म्हणून सांगणाऱ्या सरकारच्या तक्त्यात तो कसा असेल? विचारण्याचे दार उघडले तेव्हाच तो गुन्हा म्हणून लिहिला गेला.

आम्ही केवळ सरकारवर बोलतो असे कोणी समजू नये. आपला जिल्हा १९८२ पर्यंत गडचिरोलीसह एकच होता. तेथील जंगलात १९८० पासून नक्षलवादी आले. गरिबांच्या नावाने आले आणि त्यांनी आपली ‘जन-अदालत’ मांडली. त्या अदालतीत आदिवासी शेतकऱ्याला विचारले जाई, “तू पोलिसांचा खबऱ्या ना?” आणि तोच शेतकरी बाजाराच्या वाटेवर पोलिसांना भेटला की प्रश्न येई, “तू नक्षल्यांना भात घालणारा ना?” दोन्हीकडे प्रश्न एकच, ‘कोण आहेस?’ ‘काय केलेस?’ हे विचारावयास दोघांनाही सवड नव्हती. कित्येकांचे प्राण त्या एका प्रश्नापायी गेले. हुकमी समाज केवळ राजधानीत जन्मत नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि ज्याला जाब द्यावयाचा नाही, अशा कोणाच्याही छावणीत तो जन्मतो.

आता आजचे बोलू. मिसा गेला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले की आणीबाणीतही जगण्याचा आणि देहस्वातंत्र्याचा हक्क तहकूब करता येणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा होता असे सांगून तो मोडीत काढला. ज्या चौघांनी तो दिला होता त्यांत एक यशवंतराव चंद्रचूड होते, आणि मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षे लागली, पण खन्ना यांचा एकट्याचा आवाज अखेर देशाचा कायदा झाला.

म्हणून निश्चिंत व्हावयाचे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची तरतूद आपल्या घटनेतच आहे. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. आपल्या राज्याचा १९८१ चा झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या विरुद्धचा कायदा आहे. याला लोक ‘एमपीडीए’ म्हणतात. त्याखाली माणसाला वर्षभरापर्यंत आत ठेवता येते. सल्लागार मंडळापुढे प्रकरण जाते, पण तेथे वकील देण्याचा हक्क त्याला नाही.

आणि हे कायदे मागतो कोण? पुष्कळदा आपणच मागतो. कोळशाच्या पट्ट्यात गुंड आहेत. चोरटा कोळसा आहे, हप्ते आहेत, भर बाजारात तलवारी निघतात. गांजलेला दुकानदार म्हणतो, “खटले कशाला? त्याला आत टाका आणि किल्ली नदीत फेका.” त्याचा संताप आम्हांला कळतो. पण डोक्यावर पाटीभर कोळसा नेणारी बाई लगेच सापडते. ट्रकच्या ट्रक कोळसा ज्याच्या कागदांवरून गायब होतो तो सापडावयाला पुरावा लागतो, हिशेब तपासावे लागतात, काट्याची नोंद पाहावी लागते. किल्ली नदीत फेकणाऱ्या कायद्याने पाटीवाली आत जाते आणि कागदवाला सभेत पुढच्या खुर्चीवर बसतो. खटला हा गुंडावर केलेला उपकार नव्हे. खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचण्याची ती एकच वाट आहे.

अलीकडे आणखी एक रीत निघाली होती. आरोपीच्या घरावर बुलडोझर! नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ आरोपी आहे म्हणून किंवा गुन्हा शाबीत झाला म्हणूनही असे घर पाडता येणार नाही. त्या घरात त्याची म्हातारी आई राहते, शाळेत जाणारी मुलगी राहते. त्यांनी काय केले? ‘तू त्याची आई ना? मग भर!’ चिमूरच्या सामुदायिक दंडाचा हा नातू आहे. नाव बदलले, यंत्र नवे आले, हिशेब तोच.

तर बंधूंनो आणि भगिनींनो, आम्ही आपल्याकडे मोठे काही मागत नाही. क्रांती मागत नाही, वर्गणीही मागत नाही. एवढेच मागतो की, यापुढे एखाद्याला धरल्याची बातमी आली आणि चौकात टाळ्या पडू लागल्या, की आपण चार प्रश्न विचारावेत. याने काय केले? पुरावा काय? त्याला बोलू दिले काय? आणि चवथा, ज्याने धरले त्याच्याकडून काही गैर झाले, तर ते लिहून घेणारी वही कोठे आहे? पहिल्या तीन प्रश्नांची सवय खाणीच्या फाटकावर प्रत्येक चार्जशीटच्या वेळी आपल्याला लागलेलीच आहे. चवथा प्रश्न चिमूरच्या स्त्रियांनी विचारला होता आणि त्यांना उत्तर मिळाले नाही. त्यांच्या वतीने तो विचारीत राहणे, हे या जिल्ह्यातल्या माणसांचे कर्ज आहे.

हे प्रश्न आपल्या आवडीच्या माणसासाठी विचारणे सोपे आहे. आपल्या माणसाला धरले की सगळ्यांनाच घटना आठवते. ज्याचे तोंड पाहवत नाही, ज्याच्या नावाने गाव बोटे मोडतो, त्याच्यासाठी ते विचारता आले तरच ते खरे. कारण हुकूमशाही कधी सज्जनापासून सुरुवात करीत नाही. ती नेहमी अशा माणसापासून सुरुवात करते की ज्याच्यासाठी कोणी रडणार नाही. पारधी झाला, तस्कर झाला, मग संपवाला झाला, मग विद्यार्थी झाला. रांग पुढे सरकत राहते, आणि तिच्यात आपला नंबर कितवा हे कोणालाच आधी सांगत नाहीत.